येणाऱ्याचं ताट

इकडे ये गो सुगंधा, जरा जवळ बस. आधी तुला ओरडते, मग बाकीचं बोलते.

सुट्टी संपवून परत आलेल्या आपल्या गावच्या मुनीरच्या हाती तू सोड्यांची पुडी पाठवलीस, ती पोचली. सोडे चांगले आहेत, कोळंबी नीट सुकलेली, वाळू लागत नाही, मीठही बेताचं. पण पुडीबरोबर निरोप कशाला पाठवलास? “चाचीला सांग, माझ्या मनात काय नाय.” नाही म्हणजे? असायला हवं होतं. चार वाईट शब्द पाठवले असतेस तर मी खाली मान घालून ऐकले असते. तू सोडे पाठवलेस. मग मी कुवेतमधल्या फिंतासच्या या सातव्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर, पुडी मांडीवर घेऊन बसून राहिले. सून ऑफिसातून आली तर म्हणाली, “मम्मी, बीपी चेक करू का?” बीपीला काही झालं नव्हतं.

त्यात आमच्या मंडळाची स्मरणिका निघतेय. आपल्या गावच्या मुसलमान जमातीचं इथे कुवेतला जे मंडळ आहे, त्याची. सेक्रेटरींचा फोन आला, “सकीनाआपा, पहिल्या फळीतल्या आता तुम्हीच उरलात. मंडळाचा इतिहास आणि कार्य, एवढं लिहून द्या. आणि ते खारवीवाडीतल्या बाईचं नक्की घ्या बरं का. जमातीबाहेरच्या बाईला तुम्ही आसरा दिलात, ते लोकांना कळू दे.”

मी फोनवर “बरं” म्हटलं. नऊ वर्षं मी बरंच म्हणत आलेय.

खारवीवाडीतली बाई म्हणजे तू. आणि मी तुला कसला आसरा दिला, ते तुला माहीत आहे, मला माहीत आहे, आणखी एकदोघींना माहीत असेल. इतिहास कसा लिहितात ते मला येत नाही. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन किराण्याच्या पुड्या सोडवून त्या कागदांवर झालं. म्हणून मी सरळ तुलाच लिहिते. जे गावात राहिले आणि जे माझ्यासारखे निघून आले, ते सगळे शेजारी बसून ऐकतील.

मी गाव सोडलं त्या सकाळी तूही जेटीवर होतीस. तुला आठवणार नाही, सहा वर्षांची असशील. ओहोटी होती, लाँच अजून पलीकडेच होती. मी नवी जॉर्जेटची साडी नेसलेली, कडेवर आठ महिन्यांचा आसिफ, पायाशी सुंभाने आवळलेली ट्रंक. आसिफचे बाबा, म्हणजे आमचे याकूबशेठ, दोन वर्षं आधीच इथे राई नावाच्या भागातल्या गॅरेजात लागले होते. शेठ कसले, गाड्यांच्या खाली उताणे झोपायचे. पण कुवेतला गेलेल्या माणसाला गावात शेठ म्हणतात, काय करणार.

आई रडली नाही. ती सारखी माझ्या पदराची पिन नीट करत होती. लाँच दिसली तेव्हा म्हणाली, “दारात कोण आलं तर आधी पाणी विचार. नावगाव मागाहून. तुला घाई असते, उलटं करशील.”

तेवढ्यात तुझी आई आली. पारूबायने डोक्यावरची टोपली खाली ठेवली, हात लुगड्याला पुसला आणि कमरेची पुडी काढून माझ्या हातात दिली. सोडेच होते. तू तिच्या मागे लपून माझ्या आसिफला बोट दाखवत होतीस. ती म्हणाली, “कुठंय गेलीस तरी गावची रव.” मी हसले. मला वाटलं, निरोप देताना माणसं काहीतरी बोलतात तसं बोलतेय.

पारूबाय रोज आमच्या मागीलदारी यायची. आईने तिला कधी आत बोलावलं नाही आणि तीही कधी आत आली नाही. पायरीवर बसायची, मासळी साफ करून द्यायची, दोघींच्या गप्पा उन्हं चढेपर्यंत चालायच्या. यात कोणाला काही खटकलं नाही. मलाही नाही. आता खटकतं.

कुवेतला आले ती जलीब नावाच्या वस्तीत, एका खोलीत. मधे पडदा, पडद्यापलीकडे दुसरं कुटुंब. पण खरी खोली ती नव्हती. खरी खोली होती खालच्या मजल्यावर, गावाची. ज्यांनी कधी परमुलूख बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्या गावचे सात जण पहिल्यांदा इथे आले, तेव्हा एकाच खोलीत राहायचे. त्यांच्यातला एक कामावर असताना उन्हाने गेला. त्याला घरी कसं न्यायचं, कोणते कागद, कोणाची सही, कोणालाच ठाऊक नव्हतं. त्याला इथल्याच वाळूत ठेवला. उरलेल्या सहांनी त्या संध्याकाळी ठरवलं की यापुढे आपला माणूस एकटा आजारी पडणार नाही, एकटा मरणार नाही, आणि नवा आलेला पहिल्या दिवशी उपाशी झोपणार नाही. मंडळ ते तेव्हापासूनचं. एक वही केली, जमातीतल्या घराघराची नावं त्यात लिहिली.

पुढे त्याच मंडळाने गावात दवाखाना उभा केला. मुलींना शिवणाची मशीनं दिली, म्हाताऱ्यांना चष्मे दिले. दवाखान्यात तुमच्या वाडीलाही औषध मिळतं, ते मी नाकारत नाही. पण इथली खोली वहीतल्यांची.

शुक्रवारी आम्ही बायका खोलीसाठी स्वयंपाक करायचो. पुरुष नमाजहून आले की मोठ्या थाळ्यांभोवती बसायचे. आणि एक ताट वेगळं वाढून, झाकून, खिडकीत ठेवायचं. येणाऱ्याचं ताट. त्या दिवशी विमानातून कोणी गावचा उतरला तर त्याला वाट बघायला नको. खूपदा कोणी यायचं नाही. मग संध्याकाळी मगरीबच्या नमाजनंतर ते ताट कोणीतरी खायचं. पण वाढायला आम्ही कधी चुकलो नाही. मला त्या ताटाचा फार अभिमान होता गो. नव्या सुनांना मी शिकवायचे, “मटणाच्या बोट्या वरच्या ठेवा, तळातल्या नको. तो दमून आलेला असतो.”

मधे इराकची लढाई झाली. आम्ही नेसत्या कपड्यांनी निघालो, ट्रकमधून, बसमधून, आणि शेवटी सरहद्दीवरच्या तंबूंत पडलो. आसिफला ताप. एका बाईने येऊन त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली. कुठली होती देव जाणे. तिची भाषा मला कळत नव्हती, माझी तिला कळत नव्हती. तिने नाव विचारलं नाही. मी जगून परत कुवेतला आले, पुन्हा जलीबमध्ये संसार मांडला, पुन्हा ताट वाढायला लागले. त्या बाईला मात्र मी विसरले. कसं विसरले, विचारू नकोस.

आता नऊ वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारचं.

भात नुकताच दमावरून उतरवला होता. आम्ही पाच जणी वर माझ्या स्वयंपाकघरात. बेल वाजली. मी दाराच्या भोकातून बघितलं, काळा पायघोळ अबाया, अंगाला मोठा झालेला, कोणाचा तरी मागून घेतल्यासारखा. मी साखळी लावूनच दार उघडलं. पायांत दोन वेगवेगळ्या सपाता, एक निळी, एक तपकिरी. आई काय शिकवून गेली होती ते तुला आत्ताच सांगितलं. मी काय विचारलं?

“कोणाची गो तू?”

तू म्हणालीस, “चाची, मी सुगंधा. पारूची. खालच्या खोलीतल्या पुरुषांनी वर पाठवलं. वळखलात काय?”

वळखलं. मी तेव्हा मानेने नाही म्हटलं, पण वळखलं. पारूबायचा आवाज तसाच्या तसा तुझ्या गळ्यात आहे. तू घाईघाईने सांगितलंस, ज्या घरी कामाला होतीस तिथून निघून आलीस. फोन काढून घेतलाय, आई आजारी आहे असं कोणीतरी कळवलं, पण तिच्याशी बोलू देत नाहीत. “चाची, येक फोन लावून देवा. आईशी बोलते नि जाते.”

फोन माझ्या हातातच होता. सुनेशी बोलून नुकताच बंद केला होता.

मी म्हणाले, “बाय, खालची खोली जमातीच्या वहीत नाव असलेल्यांची. तू एम्बसीत जा. तिथे सगळं होतं.” आणि कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, दुकानातून, आणलेल्या पिशवीत दोन खुबूस रोट्या होत्या, त्या साखळीच्या फटीतून बाहेर दिल्या. खिडकीत येणाऱ्याचं ताट वाढून झालं होतं, सुगंधा. वरच्या बोट्या होत्या. तुला तो वास येत असणार.

आतून खतिजाने विचारलं, “कोण आहे?”

मी म्हणाले, “कोणी नाही. पत्ता चुकली.”

तू अजून दारातच होतीस. तू “बरं चाची” म्हणालीस आणि जिना उतरलीस.

शुक्रवार होता. शुक्रवारी एम्बसी बंद, शनिवारीही बंद, हे मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. शुक्रवार होता म्हणून तर तो भात शिजला होता.

पुढे मी स्वतःला खूप समजावलं. निघून आलेल्या कामवालीला घरात ठेवणं कायद्याने गुन्हा आहे, याकूबचा इकामा, इथे राहायचा परवाना, गेला असता, आम्हाला गाशा गुंडाळावा लागला असता. हे सगळं खरंच होतं. पण खरं सांगू का, ही भीती मला नंतर आठवली, तू जिना उतरून गेल्यावर. दारात मला आठवली ती वही. आणि फोन लावून द्यायला कुठला कायदा आड येत होता?

दोन आठवड्यांनी तळमजल्यावरच्या लाँड्रीतल्या लीलाम्माने मला थांबवलं. केरळची बाई, दिवसभर इस्त्री करून तिचा उजवा खांदा खाली आलेला. मोडक्या हिंदीत म्हणाली, “आपके गाव का लडकी दो दिन मेरे पास था. फोन किया मम्मी को. संडे मैं छोडके आया एम्बसी. बोलता था, चाची बहुत अच्छा है.” कपड्यांच्या गठ्ठ्यांमागे तिने तुला झोपवलं. कोणत्या वहीत बघून झोपवलं, मी विचारलं नाही.

महिनाभरात गावाहून माझ्या बहिणीचा फोन. पारूबाय गेली. मी “इन्ना लिल्लाह” म्हटलं, तर बहीण म्हणाली, “शेवटपर्यंत तुझंच नाव घेत होती गो. पोरीशी फोनवर बोलणं झालं म्हणे. तिनं विचारलं, सकीनाकडं पोचलीस ना? पोर म्हणाली, पोचले. सगळ्यांना सांगत होती, माझी सुगंधा सकीनाकडं हाय, मला घोर नाय. अख्ख्या मोहल्ल्याची मान उंच केलीस हो आपा.”

तेव्हा मी बोलायला हवं होतं. “नाही, ती माझ्याकडे नाही,” इतकंच. मी म्हणाले, “बरं, ठेवते, दूध वर येतंय.” दूध वगैरे काही नव्हतं.

आणि तू घरी परतलीस ती काही महिन्यांनी, आई नसलेल्या घरात. लोकांनी विचारलं असेल, चाचीने कसं ठेवलं? तू काय सांगितलंस? तू एकदाही खरं सांगितलं नाहीस. त्यामुळे माझा मान वाढत गेला. मी सुट्टीवर आले की तुमच्या वाडीतल्या बायका माझ्या हातात हात घ्यायच्या, नारळ द्यायच्या. तू तेवढी समोर आली नाहीस. दोनदा तुला लांबून बघितलं, जेटीवर, टोपली डोक्यावर. मी रिक्षावाल्याला म्हटलं, दुसऱ्या रस्त्याने घे.

याकूब गेले तेव्हा मंडळाने काय केलं ते लिहिलं पाहिजे, नाहीतर मी कृतघ्न ठरेन. दुपारी ते गेले. दुसऱ्या दिवशी सगळे कागद, सगळ्या सह्या पुऱ्या झाल्या. विमानात त्यांच्याबरोबर दोघे जण बसले, गावात कबर खणून तयार. आसिफला एक कागद हातात घ्यावा लागला नाही. दफन झाल्यावर लोक म्हणाले, मंडळ आहे म्हणून. मी मान हलवली. आणि मनात आलं, हे सगळं माझ्यासाठी झालं ते याकूबचं नाव वहीच्या तिसऱ्या पानावर होतं म्हणून. लीलाम्मा वही बघत बसली असती तर पारूबाय लेकीचा आवाज न ऐकता गेली असती.

मग आसिफने मला फिंतासला आणलं. इथे लिफ्ट आहे, समोर समुद्र आहे. आपल्या खाडीसारखा वास मात्र त्याला नाही, धुतलेला समुद्र. नात झोया मला विचारते, “दादी, व्हाय डू यू ऑल्वेज कीप वन एक्स्ट्रा प्लेट?” मी मराठीत उत्तर देते, ती इंग्रजीत पुढचं विचारते, असं आमचं चालतं. जलीबमध्ये होते तेव्हा दाराबाहेर सतत कोणीतरी असायचं. इथे कॉरिडॉरमध्ये फक्त एसीचा आवाज येतो.

खालच्या मजल्यावर एक अमेरिकन जोडपं होतं. डोरा मॅडम शाळेत शिकवायच्या, त्यांचे वॉल्टरसाहेब तेल कंपनीतून निवृत्त होऊन घरी. मी पडदे शिवून देते असं कळल्यावर डोरा यायला लागल्या. एकदा साहेबांनी एक डबा आणला. आत निळ्या मखमलीचा रुंद पट्टा, गळ्यात घालतात तसला, जरीची दोरी, अस्तर पार विरलेलं. म्हणाले, हे नीट होईल का?

मी अस्तर उसवलं तर आत शाईने नावं. चार पिढ्यांची. मी विचारलं, हे काय? आणि मग सुरू झाली त्यांची गोष्ट. त्यांचं इंग्रजी मला निम्मं कळायचं, उरलेलं डोरा हातवारे करून सांगायच्या. तिकडे त्यांच्या गावात कोळशाची खाण. खाणीत माणूस मेला की त्याच्या बायकोला कंपनीच्या घरातून बाहेर काढायचे. म्हणून साहेबांच्या पणज्याने आणि आणखी काही खाणकऱ्यांनी एका बेकरीच्या वरच्या खोलीत जमून शपथ घेतली, आपल्यातला मेला तर आपण पुरायचा, त्याची बायकामुलं आपण बघायची. एकमेकांना भाऊ म्हणायचे. परवलीचा शब्द, दारावर ठोकायची ठरलेली पद्धत, मिरवणुकीत टोपीला पिसं. पुढे त्यांनी अनाथांसाठी घर बांधलं, पाय वाकड्या मुलांसाठी इस्पितळ काढलं. अजूनही रविवारी हे म्हातारे मखमली पट्टे घालून धिरडी भाजतात आणि त्यातून चाकाच्या खुर्च्या वाटतात. साहेब सांगताना रंगून गेले. मी टाके घालत हसत होते. म्हटलं, साहेब, हे तर आमचंच मंडळ. फक्त आमच्याकडे पिसं नाहीत.

डोरा चहा आणत होत्या. कप ठेवताना त्या म्हणाल्या, “वॉल्टर, तिला दाराचं पण सांग.”

साहेबांनी कप बाजूला सरकवला. मग हळूहळू बोलले. त्यांच्या त्या सभागृहाच्या दाराला एक छोटी खिडकी असते. आतला माणूस त्यातून बघतो, परवलीचा शब्द विचारतो, मग दार उघडतो. आणि नियमावलीत लिहिलेलं होतं, सभासद गोरा असला पाहिजे. त्याच खाणीत खाली काळे कामगारही होते, तोच कोळसा, तीच धूळ. पण त्यांच्यासाठी दार नाही, त्यांच्या विधवांसाठी काही नाही. साहेब मोठे होऊन सभासद झाले तरी तो नियम होता.

मी विचारलं, मग गेला कसा?

“एक भाऊ उभा राहिला आणि म्हणाला, हे बरोबर नाही. सगळे खोकायला लागले. पुढच्या महिन्यात तो पुन्हा उभा राहिला. पुन्हा खोकले. कित्येक वर्षं असं चाललं.”

“तो तुम्ही?”

साहेबांनी नाही म्हणून मान हलवली. “मी खोकणाऱ्यांत होतो.”

माझी सुई बोटात गेली. मखमलीला रक्ताचा ठिपका लागला, मी थुंकी लावून काढला. त्यांना वाटलं मला बोट दुखलं म्हणून डोळ्यांत पाणी आलं. डोरा प्लास्टर आणायला धावल्या. म्हाताऱ्याने मला, एका शिवणाऱ्या बाईला, काही गरज नसताना खरं सांगितलं, आणि मी त्यांना सांगू शकले नाही की माझ्याही दाराला भोक होतं आणि बघणारी मीच होते. पट्टा शिवून दिला. नवं अस्तर घातलं तरी नावांचा जुना तुकडा आत ठेवला, त्यांनी तसंच सांगितलं होतं. उन्हाळ्यात ते दोघे अमेरिकेला परत गेले.

त्यानंतर तुझे सोडे आले.

गेल्या शुक्रवारी मी बैठकीला गेले. पुरुष एका बाजूला, आम्ही बायका एका बाजूला. सेक्रेटरींनी विचारलं, “आपा, लेख झाला?” मी उठून उभी राहिले. खुर्चीची पाठ धरली. म्हटलं, लेख होतोय, पण तुम्ही म्हणता तो नाही. खारवीवाडीतल्या सुगंधाला मी आसरा दिला नाही. मी तिला साखळीच्या फटीतून दोन खुबूस देऊन हाकललं. आपल्या मंडळाच्या नावावर मी नऊ वर्षं खोटा मान घेतलाय. आणि म्हटलं, वहीत जमातीचा लिहिलंय तिथे गावचा लिहा. गावातल्या कुठल्याही वाडीचा माणूस या दारात आला तर तो आपला.

खोकले गो. अगदी तसेच खोकले. एक जण म्हणाला, “आपा, भावना ठीक आहेत, पण नियम नियम आहे.” दुसरा म्हणाला, “उद्या सगळा तालुका येईल.” सेक्रेटरी बिचारे चांगले आहेत, जवळ येऊन हळूच म्हणाले, “छापू हो, फक्त तेवढा भाग काढू. तुमचंच नाव खराब होईल.” मी म्हटलं, तोच भाग ठेवा, हवं तर बाकीचं काढा.

निघताना खतिजा माझ्याबरोबर लिफ्टमध्ये आली. तीही आता म्हातारी झाली. तिने तळमजल्याचं बटण दाबलं. मग म्हणाली, “त्या दिवशी मी तिचा आवाज ऐकला होता. ‘पारूची’ म्हणाली ते मला ऐकू आलं होतं. तू कोणी नाही म्हणालीस आणि मी कांदे ढवळत राहिले.” मी तिचा हात धरला. “पुढच्या शुक्रवारी तू उठ, मी उठेन,” ती म्हणाली. वहीतला तो शब्द माझ्या हयातीत बदलेल की नाही, मला माहीत नाही. दोघी उठलो तर निदान खोकणारी दोन माणसं कमी होतील.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं झाली, आता तुमचं घर कुठलं? पूर्वी मी पटकन सांगायचे, गावचं. कुवेत काय, आज आहे उद्या नाही. पण गावच्या घरात मी गेली नऊ वर्षं जेटीकडची खिडकी बंद ठेवते, तू दिसशील म्हणून. अशा घराला घर कसं म्हणू? जिथे तुझ्यासमोर मला मान वर करून बसता येईल ते माझं घर, आणि ते अजून व्हायचंय. तुझ्या आईने जेटीवर सांगितलं होतं, गावची रव. मी मोहल्ल्याची राहिले, जमातीची राहिले. गावची राहायचं राहून गेलं.

पुढच्या महिन्यात मी येतेय. तिकीट आसिफने काढलंय. माफी मी पत्रातून मागत नाही, तू समोर असताना मागीन, आणि तुला नाही द्यावीशी वाटली तर नको देऊस. तो तुझा हक्क आहे, त्यावर सोडे पाठवून पाणी फिरवू नकोस. बहिणीला मी आधीच फोन करून खरं काय ते सांगितलंय. ती अजून माझ्याशी नीट बोलत नाही, बोलेल.

मी आले की त्या पहिल्या शुक्रवारी ये. टोपली आणू नको, त्या दिवशी विकायचं काही नाही. मागीलदाराने येशील तर मी उघडणार नाही हां, पुढच्या अंगणातून ये, ओटीवर चढ, सरळ आत. मी कोणाची म्हणून विचारणार नाही. आधी पाणी देईन. ताट वाढून खिडकीत झाकून ठेवलेलं असेल, वरच्या बोट्यांचं. उशीर करू नको गो, माझंही वय झालं. लवकर ये.